कोल्हापुरात पहिली गुंतवणूक: फ्लॅट घ्यावा की प्लॉट?

हाताशी दहा-पंधरा लाख आहेत, बाकीचे बँक देईल, आणि घरात वाद एकच: राजारामपुरीकडं फ्लॅट की पाचगाव-कळंब्याकडं प्लॉट? पै-पाहुण्यांचा कौल बहुधा प्लॉटला असतो, ‘जमीन कुठं जातीय’ म्हणून. जमीन जात नाही, खरं आहे. पण ती निर्वेधपणे तुमच्या नावावर येते का, हे आधी बघावं लागतं.

फ्लॅटचा हिशेब आधी मांडू. समजा 50 लाखांचा फ्लॅट 12 हजार भाड्यानं गेला. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. त्यातून घरफाळा, मेंटेनन्स आणि रिकामे गेलेले महिने वजा करा. 40 लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता मात्र सुमारे 34,700 बसतो. भाड्यात हप्ता भागेल ही आशा सोडूनच पुढं जा.

तरीही पगारदार माणसाला फ्लॅट सोपा पडतो. कर्ज लवकर होतं, आणि विद्यापीठ, सीपीआर रुग्णालय, गोकुळ शिरगावची एमआयडीसी यांमुळं भाडेकरू मिळतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के, परवडणाऱ्या घरांना 1 टक्का. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला बिल्डर नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही. मात्र आपल्याकडं सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या अपार्टमेंट पुष्कळ आहेत. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथं मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः मागून बघायचं.

प्लॉटला भाडं नाही, कर्ज कमी मिळतं आणि बांधकाम होईपर्यंत व्याजावर करसवलतही नाही. मिळकत होते ती फक्त भाव वाढल्यावर, तीही आठ-दहा वर्षं थांबायची तयारी असेल तर. आणि फसवणूक इथंच जास्त होते.

‘दोन गुंठे आहेत, सामाईक सातबाऱ्याला नाव लावून देतो’ असं कुणी म्हणालं की उठून यावं. सामाईक उताऱ्यात तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे कागद सांगत नाही. बांधकाम परवाना आणि कर्ज दोन्ही अडतं. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन) दिसला तर विक्रीला सरकारी परवानगी लागते का ते विचारा. अंबाबाई-जोतिबाच्या आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनाम, म्हणजे देवळांना इनाम दिलेल्या, जमिनी खूप आहेत, त्या तर सौद्यातच धरू नका. इतर हक्काचा रकाना, जुने फेरफार, बहिणींची हक्कसोड, येण्याजाण्याचा रस्ता, सरकारी मोजणी: यातलं एकही सोडू नका. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, तुमच्याच वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको.

पुराच्या पाण्याचा प्रश्न फ्लॅट-प्लॉट दोन्हीकडं सारखाच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं आणि व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कसारख्या भागांत शिरलं. पूररेषेच्या नकाशावर नदीलगतच्या निळ्या रेषेच्या आत काहीही घेऊ नये, तिच्यापलीकडच्या लाल रेषेच्या आत घासाघीस करूनही नको. शेजारच्या जुन्या घरात जाऊन पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

शहरातल्या खरेदीवर मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के आणि नोंदणी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. ते बजेटात आधीच धरा.

कर्जावर घेणार असाल तर पूररेषेबाहेरचा, भोगवटा झालेला फ्लॅट घ्या, असं मी ठामपणे सांगेन. पैसा स्वतःचा आणि घाई नसेल तर मंजूर लेआउटमधला, स्वतंत्र सातबारा असलेला एनए (बिगरशेती) प्लॉट चांगला. दोन्हीकडं संचकार (विसार) देताना पैसे चेकनं द्या, आणि सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत परत मिळेल, ते तारखेसह लिहून घ्या. समोरचा त्याला तयार नसेल तर तो सौदा सोडा.