रिकॉलचं काम 'पूर्ण', पंप मात्र जुनाच

गाडी रिकॉलमध्ये आली, म्हणजे दोष दूर करायला कंपनीने परत बोलावली, डीलरकडे नेली, काम झाल्याचा कागद मिळाला, आणि तुम्ही निश्चिंत झालात. माझंही असंच झालं होतं. पण माझ्या गाडीचं काम फक्त डीलरच्या संगणकात झालं होतं. गाडीत जुना, सदोष पंप जिथल्या तिथे होता. हे मला कुंभार्ली घाटात कळलं.

आधी रिकॉल कशाचा होता ते सांगतो. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या इंधन पंपात दोष असू शकतो, पंप मोफत बदलून मिळेल, असं कंपनीचं पत्र आलं होतं. हा दोष नवा नाही. एका मोठ्या जपानी पुरवठादाराच्या पंपांमुळे २०२० पासून जगभरात निरनिराळ्या कंपन्यांच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. या पंपात पेट्रोल पुढे ढकलणारी प्लास्टिकची छोटी चक्री असते. प्लास्टिकची घनता कमी पडली तर ती पेट्रोल शोषून फुगते, आजूबाजूच्या कवचाला घासू लागते आणि पंप अडकतो. आधी गाडी ओढ कमी घेते, आचके देते, मग चालता चालता बंद पडते. कधी काही वेळाने पुन्हा सुरूही होते, त्यामुळे वर्कशॉपमध्ये 'आम्हाला तर काही सापडलं नाही' म्हणायला जागा राहते.

मी चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री केली, वेळ घेतली, गाडी दिली. संध्याकाळी धुऊनपुसून परत मिळाली. बिल शून्य रुपयांचं, जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'कॅम्पेन पूर्ण' (रिकॉलच्या मोहिमेला ते 'कॅम्पेन' म्हणतात). सर्व्हिस अॅडव्हायजर म्हणाला, "सर, रिकॉलचं काम झालंय, आता निर्धास्त चालवा."

पुढच्या पावसाळ्यात चिपळूणहून कराडला जाताना, पोफळी सोडून घाट चढताना इंजिन गेलं. मागच्या सीटवर आई होती. इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबलं की दगडासारखं कडक होतं, हे ऐकून माहीत होतं. चढावर, पावसात, मागे मालाचे ट्रक लागलेले असताना ते पायाखाली अनुभवणं वेगळं. हँडब्रेक ओढला, भावाने उतरून चाकामागे दगड लावले. मागच्या ट्रकवाल्याने आपला ट्रक आडवा घालून वाहतूक थोपवली म्हणून आम्ही बचावलो. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

गाडी टोचन करून खाली ओळखीच्या मेस्त्रींकडे आणली. त्यांनी पंपापर्यंत पोचण्यासाठी मागची सीट उचलली. कव्हराच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांची धूळ आणि गंज. "दादा, याला कारखान्यातून आल्यापासून कोणी हात लावलेला नाही," ते म्हणाले. पंपाच्या लेबलवरचा भाग क्रमांकही जुनाच होता. मेस्त्रींनी पूर्वी शोरूममध्ये नोकरी केलेली. त्यांच्याकडून कळलं की रिकॉलच्या प्रत्येक गाडीमागे कंपनी डीलरला ठरलेली मजुरी देते, आणि किती गाड्या झाल्या याचा आकडा वरून सतत मागितला जातो. पार्ट वेळेवर आलेला नसतो, आकडा मात्र द्यायचा असतो.

काहीही खोलण्याआधी मेस्त्रींनी मला व्हिडिओ काढायला लावला. चॅसिस नंबरपासून सुरुवात, तिथून न थांबता मागची सीट, कव्हर, स्क्रू, लेबल. पुढे सगळा वाद या व्हिडिओवर उभा राहिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तो असाच, मध्ये न तोडता काढा.

डीलरकडे वर्क्स मॅनेजरचं पहिलं उत्तर होतं, "सिस्टिमला क्लोज दिसतंय, म्हणजे काम झालंय." व्हिडिओ दाखवल्यावर उत्तर बदललं: "आम्ही पंप तपासला होता, आवाज बरोबर होता, म्हणून बदलला नाही." सीट न उचलता, स्क्रू न काढता तपासला कसा, याला उत्तर नव्हतं. आणि कंपनीच्या पत्रात 'तपासून गरज वाटल्यास' असं कुठेही नव्हतं, 'बदलून देऊ' असं होतं. मग तिसरं: "तुम्ही बाहेरच्या गॅरेजात सीट उचललीत, आता आमची जबाबदारी राहिली नाही." आणि शेवटी खरं पोटातलं ओठावर आलं: "कॅम्पेन बंद झालंय, कंपनीकडे पुन्हा क्लेम टाकता येत नाही. पंपाचे पैसे तुम्ही भरा, लेबर आम्ही सोडतो." म्हणजे जो पंप बदलल्याचं यांनी आधीच दाखवलं होतं, त्याचेच पैसे आता माझ्याकडून हवे होते.

ते एस्टिमेट मी लेखी मागून घेतलं. एका हातात पंप बदलल्याचं जॉबकार्ड आणि दुसऱ्या हातात तोच पंप बदलायला हवा असं सांगणारं एस्टिमेट, दोन्हीवर एकाच वर्कशॉपचा शिक्का. याहून सबळ पुरावा मला शोधूनही मिळाला नसता. त्यांनी सोबत एक छापील कागद पुढे केला होता, 'माझी तक्रार मिटली असून माझे काही म्हणणे नाही' असा. सही केली तर लेबर माफ. मी सही केली नाही. असा कागद गाडीची किल्ली द्यायच्या वेळी, घाईत, बाकीच्या कागदांत घालून पुढे करतात. वाचल्याशिवाय सही करू नका.

मी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला: चॅसिस नंबर, पत्र, जॉबकार्ड, एस्टिमेट, व्हिडिओ. सोबत एकच प्रश्न विचारला, की माझ्या गाडीसाठी डीलरला कोणत्या भाग क्रमांकाचा पंप पाठवला आणि तो कोणत्या तारखेला बसवल्याची नोंद आहे. या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पण एरिया मॅनेजरचा फोन आला आणि पंप मोफत बदलून मिळाला. या वेळी मी सीट उचलण्यापासून उभा राहिलो, जुन्या-नव्या दोन्ही लेबलांचे फोटो काढले. रिकॉलमधला जुना भाग सहसा कंपनीकडे परत जातो, तो घरी देणार नाहीत, पण दाखवायला नकार देण्याचं कारण नाही.

इथे बरेच जण थांबतात, आणि मलाही घरून तोच सल्ला मिळाला. मी थांबलो नाही, कारण 'आधीचं काम झालेलं नव्हतं' हे एक वाक्य नव्या जॉबकार्डवर लिहायला डीलर तयार नव्हता. कार्डवर नुसतं 'पंप बदलला' असं आलं. खोटी नोंद तशीच राहिली. रिकॉल बाकी असलेली गाडी निदान यादीत दिसते, कंपनी पुन्हा फोन करते, पत्र पाठवते. खोटी 'पूर्ण' झालेली गाडी यादीतूनच जाते. तिला कोणी बोलावत नाही. ती उद्या कोणी जुनी म्हणून विकत घेतली आणि संकेतस्थळावर नंबर टाकून पाहिला, तर सगळं ठीकच दिसणार.

कायद्याचं मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम ११०अ आलं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. दोष आढळला तर उत्पादकाने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा, सरकारला सक्तीने करायला लावावा लागला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. या नियमांत ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्या येतात. पण वर्कशॉपने एका गाडीचं काम न करता कागद रंगवला, तर मालकाला दाद मागायची जागा म्हणजे ग्राहक आयोग.

तिथे डीलरच्या वकिलांनी पहिलाच मुद्दा काढला की बिल शून्य रुपयांचं आहे, ही मोफत सेवा होती, म्हणून मी 'ग्राहक' ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येतून मोफत सेवा वगळलेली आहे हे खरं. माझं म्हणणं असं की हा पंप मी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गाडीचा भाग आहे, दोष गाडीतला आहे, आणि तो दूर करणं त्याच किमतीत येतं. म्हणून तक्रारीला गाडी खरेदीचं मूळ बिल जोडा. नुसत्या रिकॉलच्या जॉबकार्डवर तक्रार उभी करू नका, आणि डीलरबरोबर कंपनीलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. शिवाय ग्राहकाला महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा याच कायद्यात सेवेतली त्रुटी आहे.

'दोष पंपाचाच होता हे तज्ज्ञाकडून सिद्ध करा' असंही ते म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये एअरबॅग न उघडल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. टकरीचा वेग आणि जोर यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं त्यात म्हटलं आहे. तो निकाल मी जोडला आहे.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, त्यापुढे गाडीच्या किमतीला काहीशे रुपये लागतात. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून तो क्रमांक जपून ठेवा.

माझं प्रकरण रत्नागिरीच्या जिल्हा आयोगापुढे चालू आहे. टोचनचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागितली आहे, पण पहिली मागणी वेगळी आहे: त्या वर्कशॉपने या रिकॉलमध्ये 'पूर्ण' दाखवलेली प्रत्येक गाडी कंपनीने पुन्हा बोलवावी, आणि मालकासमोर मागची सीट उचलून पंपाचं लेबल दाखवावं.