पहिली घोडी घेताना: ‘एकदम गरीब आहे, ताई’

घोड्याच्या व्यवहारात फसलेली मी पुण्यातली पहिली नाही, आणि ज्याने मला फसवलं त्याचा धंदा अजून व्यवस्थित चालू आहे. जाहिरातीतला नंबर तेवढा बदललाय. प्रकरण वकिलांकडे असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते.

हे कोणासाठी? वर्षभर रायडिंगच्या क्लासला गेलेल्यांसाठी. ट्रॉट (दुडकी) जमतोय, कँटरची (हलक्या दौडीची) भीती गेलीये, घरचे ‘त्यापेक्षा गाडी घे’ म्हणून थकलेत आणि गावाबाहेर कुणाच्या तरी तबेल्यात महिन्याच्या पैशांवर जागाही मिळतेय. या टप्प्यावरचं गिऱ्हाईक दलालाला लांबूनच ओळखू येतं.

जाहिरात अशी होती: मारवाडी घोडी, वय 7, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), रेवाल (धक्के न बसणारी, सपाट) चाल, लहान मुलं बसतात, किंमत 1,80,000, मालकाची बदली झाल्यामुळे देणे आहे. (नंतर कळलं की त्याच्याकडच्या प्रत्येक घोड्याच्या मालकाची बदलीच होते.)

घोडी सोलापूर रस्त्याच्या अंगाला एका शेतात बांधलेली होती. सकाळी येते म्हटलं, तर “सकाळी पोरं रानात नेतात, चारनंतर या.” चारनंतर गेलो तेव्हा खोगीर चढवलेलं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळलेला. खोगिराखालच्या कापडाच्या कडेने घामाची ओली रेघ दिसत होती. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. तिथला एक पोरगा तिच्या पोटाखालून या बाजूने त्या बाजूला गेला. “एकदम गरीब आहे, ताई. शेपटी धरून ओढा, हलणार नाही.” ओढली. खरंच हलली नाही.

मग अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर प्रवचन सुरू झालं. गळ्याखालचा देवमण नावाचा भोवरा कसा लाखात एखाद्या जनावराला असतो, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे घरात लक्ष्मी कशी येते, अमक्या सरदाराच्या पागेत अशीच घोडी कशी होती. ऐकायला फार छान वाटतं. एवढं सगळं होईपर्यंत उजेड कमी होतो आणि घोडीचा एकही पाय कुणी उचललेला नसतो. भोवऱ्यावर ज्याची श्रद्धा असेल त्याने जरूर ठेवावी, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण देवमण असलेली घोडीही लंगडते.

बरोबर माझे मामा होते. पुरंदरचे, उभं आयुष्य बैलबाजारात काढलेले. त्यांनी दात मागितले. विकणाऱ्याने अगदी आनंदाने खालचा ओठ दाबून दात उघडे करून दाखवले. दातांवर काळे खड्डे स्पष्ट होते. मामा म्हणाले, “सात म्हणतोय ते बरोबर वाटतंय.”

इथे जरा थांबते, कारण ही हातचलाखी मला पुढे डॉक्टरांनी उलगडून दाखवली आणि ती शिकण्यासारखी आहे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. त्यामुळे बैलाची पारख असलेला माणूस सवयीने खालीच बघतो आणि दलालाला ते पक्कं माहीत असतं. घोड्याला वर सहा, खाली सहा असे पुढचे दात असतात. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून तोंड भरतं. त्यानंतर खालच्या दातांवरचे खड्डे मधल्या जोडीपासून कडेकडे भरत जातात, साधारण सहाव्या वर्षापासून आठव्यापर्यंत. त्यापुढचं वय बघायचं तर वरचा ओठ उचलायला हवा. वरच्या सगळ्यात कडेच्या दातावर बाहेरून एक उभी खाच असते. ती दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला दाताच्या अर्ध्यावर येते आणि विसाव्याला टोकाला पोचते. आमच्या घोडीची खाच अर्ध्यावर होती. मग खालचे ते काळे खड्डे? ते कोरून, डागून केलेले. खऱ्या खड्ड्याभोवती पांढऱ्या टणक कवचाची कडी असते. इथे नुसतं काळं भोक होतं. ही लबाडी काही शतकं जुनी आहे आणि अजून चालते. मामा हल्ली घोडीचा विषय निघाला की चहा टाकायला उठतात.

चाल बघायची म्हटल्यावर त्याच पोराने तिला नांगरलेल्या मऊ रानात फिरवली, फक्त रेवाल चालीत. “मारवाडी जनावर दुडकीत कशाला पळवायचं, ताई? पाण्याचा पेला हातात धरून बसा, थेंब सांडणार नाही.” थेंब सांडला नसता हेही खरंच. पण पायातला दोष दिसतो तो दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, तोही कडक जमिनीवर आणि गोलात फिरवताना. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं, चांगला टेकताना खाली जातं. रेवाल चालीत हे हेलकावे बुजून जातात, मऊ मातीत आणखीच. आणि पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर लंगडणं असं दिसतच नाही, पावलं तेवढी आखूड पडतात. आमच्या घोडीची पडत होती. आम्ही त्यालाच नजाकत म्हणालो.

एव्हाना फोन यायला लागले. दत्तजयंती तोंडावर होती. “सारंगखेड्याला उद्या गाडी भरतोय, तिथे अडीचला जाईल. तुमचं मन बसलंय म्हणून थांबलोय.” सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताच्या यात्रेत तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि परराज्यांतूनही घोडे येतात. बाजार खरा असल्यामुळे धमकीही खरी वाटते. टोकन यूपीआयने दिलं, नाव भलत्याचंच आलं; “मेव्हण्याचं खातं आहे.” डॉक्टरांचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर आलं, त्यात नेमका वरचा भाग कापलेला आणि खाली सही-शिक्का दिसतोय. मूळ कागद टेम्पोबरोबर, उरलेले पैसे पोचल्यावर आला. त्याच्या वरच्या भागात लिहिलं होतं: घोडा, नर, रंग कुमैत, कपाळावर चांदणी.

दुसऱ्या दिवशी तंग आवळायला गेलेल्या सईसाच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या) मांडीवर नालेचा पुरा ठसा उमटला. कान मागे पाडून, दात विचकून उभी होती. कालची ती गरीब घोडी ही नव्हेच. दोन-तीन दिवसांनी डांबरी रस्त्यावर ती उघड लंगडायला लागली. नालबंदाने पुढचा पाय मांडीवर घेतला, खूर चिमट्यात धरून टाचेकडे दाबला, तशी ती अख्खी मागे सरकली. त्याने दुसरा पाय दाबला, तेच. मग त्याने पाय खाली ठेवला आणि विचारलं, “कुणाकडून घेतली?” मी सांगितल्यावर तो नुसता हसला. ही घोडी त्याने आधी एका वरातवाल्याकडे नाल मारताना पाहिली होती.

एक्स-रेत खुराच्या आत टाचेकडे असलेल्या छोट्या हाडाचा जुना आजार निघाला. डॉक्टर त्याला नॅव्हिक्युलर म्हणतात. तो सांभाळायचा असतो, जात नाही. डॉक्टरांचा अंदाज असा की तिला त्या दिवशी गुंगीचं औषध दिलं होतं आणि आधीचे काही दिवस फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक चालू होतं. गुंगी त्याच रात्री उतरली, वेदनाशामकाचा असर दोन-तीन दिवस टिकला. लोंबलेला ओठ आणि मिटलेले डोळे ही गुंगीची नेहमीची खूण. नर असेल तर लिंग बाहेर लोंबत राहतं, तेही बघावं. खोगीर आधीच चढवलेलं असणं आणि अंगावर घाम असणं याचा अर्थ तिला आपण यायच्या आधी दमवलेलं असतं, आणि तंग आवळतानाची लाथ आपल्याला दाखवायची नसते. ‘चारनंतर या’ हे वाक्य मला आता सगळ्यात महाग पडलेलं वाटतं. त्या संध्याकाळचं वेळापत्रक पहिल्यापासून त्याच्या हातात होतं.

माझं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. 2022 मध्ये पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात एकाने काळा मारवाडी म्हणून 22 लाखांहून जास्त मोजून घोडा घेतला, आणि आंघोळ घातल्यावर रंग उतरून तो तांबडा निघाला. बातमी देशभर झाली होती. आपल्याकडेही पांढरे पाय ओल्या फडक्याने चोळून बघायला लाजू नये.

पोलीस ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर मिळालं. विकणारा म्हणाला, “जनावर आहे, ताई, मशीन नाही. माझ्याकडे ठणठणीत होती.” पुढे तर तो आपण व्यापारी नाहीच, घरची घोडी विकली, असं म्हणायला लागला, म्हणजे ग्राहक आयोगाचा प्रश्नच मिटला. त्याच नंबरवरून विकलेल्या इतर घोड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट इतर घोडेवाल्यांकडून गोळा केले, तेव्हा कुठे वकिलांना बोलायला जागा मिळाली. 1930 च्या माल विक्री कायद्यात वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असावी लागते. ‘वय 7’ आणि ‘लहान मुलं बसतात’ हे त्याने स्वतः टाइप केलेलं होतं. जाहिरात बघितल्याबरोबर जपून ठेवा, सौदा झाला की ती तासाभरात काढून टाकतात. तोंडी सांगितलेल्या गोष्टी नंतर व्हॉट्सॲपवर परत विचारा आणि लेखी उत्तर मिळवा.

घोडी आहे माझ्याकडेच. तिला वापरात आणता येत नाही आणि खरं सांगून विकताही येत नाही. चंदी (धान्याचा खुराक), गवत आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरांचं काम धडधाकट घोड्याएवढंच लागतं.

दुसरी घोडी घ्यायची तेव्हा जाहिराती बघणं बंद केलं आणि त्याच नालबंदाला त्याच्या वेळेचे पैसे देऊन बसवलं. पुण्याच्या पंचक्रोशीत घोड्यांचे नालबंद आणि घोड्यांचेच डॉक्टर मोजके आहेत. कुठला घोडा कितव्यांदा विकला जातोय, हे ते सांगू शकतात. विकणाऱ्याचा नालबंद कोण हे विचारा, आणि तो नाव सांगायला कचरला तर गाडी वळवा.

रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेडही पुण्यात स्वस्तात मिळतात, विशेषतः इथला पावसाळी हंगाम संपून घोडे मुंबईकडे जायला लागले की. त्यात चांगली जनावरं असतात. मात्र पुढच्या पायाच्या नळीमागच्या कंडरांवरून बोट फिरवून सूज आहे का बघायला हवं, आणि पहिलाच घोडा म्हणून त्यांचा वेग झेपेल का याचा विचार हवा. त्यांची एक सोय आहे. प्रत्येकाच्या मानेत मायक्रोचिप आणि नावावर पासपोर्ट असतो, आणि त्यांची नोंद ठेवणारं स्टड बुकचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथे वय खोटं सांगता येत नाही.

शेवटी घोडी मिळाली ती दौंडकडच्या एका गृहस्थांची, भीमथडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही बुटकी, काटक जात धनगरांच्या फिरत्या वाड्यांबरोबर ओझी वाहत हिंडते. अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही झाली. त्यांनी पहिला अर्धा तास मलाच प्रश्न विचारले. कुठे ठेवणार, कोण बसणार, वजन किती, आधीच्या घोडीचं काय केलंत? मग म्हणाले, “सकाळी सहाला या, चंदीच्या आधी. खोगीर तुमचं तुम्ही चढवा.”

सकाळी घोडी मोकळी होती आणि अंग कोरडं होतं. तंग आवळताना तिने एकदा मान वळवून बघितलं, एवढंच. दुडकी समोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर झाली, दोन्ही दिशांनी गोलात फिरवून झालं, प्रत्येक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवूनही झालं. डॉक्टर मी ठरवलेले, फी मी दिलेली. ग्लँडर्ससाठी (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्त काढायचं म्हटल्यावर ते गृहस्थ स्वतः दोर धरून उभे राहिले. या तपासणीचा अंतिम निकाल हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात लागतो, आणि नमुना पॉझिटिव्ह निघाला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. म्हणून ज्याच्या मनात काही काळंबेरं आहे तो सुई पुढे आली की नेमका इथेच घाईत असतो. आधीच्या माणसाला मी रक्ताचं नुसतं विचारलं होतं, तर त्याने ‘आपले डॉक्टर परवाच बघून गेले’ म्हणून विषय सारंगखेड्यावर नेला होता. इथे अहवाल येईपर्यंत थांबायला त्यांची ना नव्हती, टोकनही मागितलं नाही.

पावती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. वय 9. पुढच्या उजव्या पायाला तारेची जुनी जखम, लंगडत नाही. विजेला बुजते. गेल्या महिन्यात कुठलंही औषध दिलेलं नाही. टेम्पोत एकटी चढत नाही. भाव मात्र या सगळ्यापायी एक रुपयाही कमी केला नाही, आणि मीही फार ताणलं नाही.

टेम्पोत चढायला तिने दुपार केली. शेवटी त्यांनी तिच्या ओळखीची एक शेळी आधी चढवली, सासवड फाट्यापर्यंत बरोबर आले आणि तिथून शेळी घेऊन एसटीने परत गेले.