स्पेसर, किट की नुसते टायर? पिकअप उचलण्याआधी

काटोलच्या माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, व्ही-क्रॉस दोन इंच उचलून घेऊ का? पांदनीत पोट घासून राहिली." सात वर्षांची इसुझूची पिकअप, मागे हौद्यात कायम फवारणीचा पंप आणि डिझेलचा ड्रम, हंगामात संत्र्याचे कॅरेट. आठवड्यातून दोनदा नागपूरच्या कळमना बाजारात फेरी. त्याला म्हटलं, रविवारी नागपूरला ये, हौदा रिकामा करून ये, आणि तोपर्यंत कोणाला ॲडव्हान्स देऊ नको.

लिफ्टला आपण उचल म्हणू. आमच्याकडे सालदार मालकाकडून आगाऊ पैसे घेतो त्यालाही उचलच म्हणतात, आणि ती पुढे पगारातून वळती होते. गाडीची उचलही अशीच कुठून ना कुठून वळती होते. कोणत्या पद्धतीत कुठून होते, एवढंच इथे शेजारी शेजारी मांडून बघायचं आहे.

बाजारात मुख्य रस्ते तीन. पहिला स्पेसरचा: समोरच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची चकती, मागे ॲक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) आणि पाट्यांच्या (कमानीच्या स्प्रिंगच्या) मध्ये ठोकळा, नाहीतर लांब शॅकल, म्हणजे पाट्यांचं टोक चेसिसला टांगणारी कडी. दुसरा पूर्ण किटचा: नवी स्प्रिंग, त्या लांबीचे शॉकअप, मागे पाट्यांचा नवा संच. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियन नावं यात ऐकू येतात. तिसऱ्या रस्त्यात उचल नाहीच. बसलेले पाटे आणि मेलेले शॉकअप बदलून गाडी तिच्या मूळ उंचीवर आणायची आणि बरे ऑल-टेरेन टायर टाकायचे.

आधी पोट नेमकं कुठे घासतं ते बघू. काळ्या मातीच्या पांदनीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे उंचवटा राहतो. व्ही-क्रॉस काय, हायलक्स काय, समोर दोन्ही चाकं स्वतंत्र, डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग. मागे मात्र एकसंध ॲक्सल आणि पाटे. त्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, गोळा लोंबतो, आणि उंचवट्याला बहुतेक वेळा तोच आधी लागतो. आता गंमत अशी की सस्पेंशन कितीही उचला, हा गोळा जागचा हलत नाही. उचल होते ती ॲक्सलच्या वर, म्हणजे चेसिस, बॉडी, टाकी यांची. ॲक्सल उभा असतो चाकांवर. तो वर न्यायचा तर चाकच मोठं हवं.

मोठं म्हणजे किती? अठरा इंची रिमवर 255/60 (रुंदी 255 मिलिमीटर, उंची तिच्या 60 टक्के) टायरचा व्यास साधारण 763 मिलिमीटर. 265/65 टाकला तर 802. फरक 39 चा, डिफरन्शियलच्या वाट्याला त्याचा निम्मा, म्हणजे जेमतेम 19 मिलिमीटर. एका चाकोरीत तेवढेही कधीकधी पुरतात. पण मग स्पीडोमीटर पाच टक्क्यांच्या आसपास कमी दाखवू लागतो. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे काही फरक तिथे जिरतो, सगळा जिरत नाही. समृद्धीवर काटा 120 वर धरून निवांत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय एवढा टायर पूर्ण वळणावर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो, आणि तिथून पुन्हा उचलीचा विषय निघतो.

म्हणून उचल निरुपयोगी, असं मात्र नाही. नाल्याच्या काठावरून उतरताना समोरचा बंपर, चढताना मागचा लोंबणारा भाग, मधली टाकी आणि साइड स्टेप हे सगळं 40-50 मिलिमीटरनी खरंच वाचतं. उमरेडकडच्या खाणीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याला किंवा पारशिवनीकडच्या दगडी नाल्यांत उतरणाऱ्याला याची किंमत कळते. फक्त घासतंय काय ते आधी गाडीखाली झोपून बघा. ओरखडे खोटं बोलत नाहीत.

स्पेसरबद्दल मी जरा कडवट आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या आधीच्या गाडीला मी तेच लावले होते. एका दुपारचं काम, पैसेही हजारांत. समोर 25 मिलिमीटरची चकती. तिथे कोणी सांगितलं नाही की स्ट्रट खालच्या आर्मच्या मधे कुठेतरी बसलेला असल्याने 25 ची चकती चाकापाशी दुपटीच्या जवळपास उचल देते. गाडी ऐटीत उभी राहिली, कॉलनीतली पोट्टी फोटो काढून गेली. आठ महिन्यांनी रामटेकहून परतताना डावीकडे वळलं की कट-कट-कट. घरी चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल पसरलेले, जशी कोणी गेरूची पिचकारी मारावी. हाफ शाफ्टचा, म्हणजे समोरच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट घडीच्या खाचेत चिरला होता. बोट आत घातलं तर ग्रीसमध्ये रेती. जॉइंट गेला.

झालं होतं असं: चकतीने मूळ शॉकअप तसाच ठेवून अख्खा स्ट्रट खाली ढकलला. त्यामुळे चाक हवेत लोंबतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्याही खाली जातं. हाफ शाफ्टचा कोन वाढतो, बुटाच्या घड्या एका बाजूला ताणतात, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासतात. आणि या गाड्यांत टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालवा की फोर-व्हील ड्राइव्हमध्ये, चाकाबरोबर हाफ शाफ्ट फिरतोच. म्हणजे रोजच्या वर्धा रोडवरही घासणं चालूच.

किटमध्ये शॉकअपची लांबी स्प्रिंगला जुळवलेली असते. चाक किती लोंबायचं ते शॉकअपच अडवतो. मुख्य फरक हाच, बाकी रंग आणि स्टिकर. चांगल्या किटवाल्यांकडे स्प्रिंगच्या जाती असतात: समोर हलकी की बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) आणि विंच (गाडी ओढायचं दोरखंडाचं यंत्र) धरून, मागे रिकामी की कायम इतके किलो. लोक इथे चुकतात. "जड" म्हणजे मजबूत समजून समोर बुलबारची स्प्रिंग घेतात, आणि बुलबार तर नाहीच. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. मग नाक वर आणि प्रत्येक गतिरोधकावर मानेला झटका. मागेही तेच: आठवड्यातले पाच दिवस रिकामी धावणाऱ्या गाडीला तीनशे-चारशे किलोचे पाटे घातले तर ती बैलगाडीसारखी आपटते.

समोर 40-50 मिलिमीटरच्या वर गेलं की अलाइनमेंटचा कॅस्टर नावाचा कोन हातातून निसटायला लागतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते आळसावतं. कंपनीचे कॅम बोल्ट शेवटच्या खुणेपर्यंत फिरवूनही आकडा बसत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात. तो खर्च किटच्या कोटेशनमध्ये धरलाय का, हे आधीच विचारा. आणि अलाइनमेंट दोनदा करायची: बसवल्या दिवशी एकदा, हजारेक किलोमीटरनी स्प्रिंग मुरल्यावर पुन्हा. एकदाच केली तर टायरची एक कडा चार महिन्यांत गुळगुळीत.

मागच्या बाजूचं थोडक्यात. ठोकळा सगळ्यात स्वस्त, पण जोरात ब्रेक मारला किंवा चढावर टॉर्क दिला की ॲक्सलला पाट्यांवर पीळ मारायला जास्त लांबीचा हात मिळतो. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको, आणि समोर पाटे असलेल्या गाडीला समोर ठोकळा नकोच नको. जास्तीचा एक पाटा घालणं हा आपल्याकडचा जुना देशी उपाय. कामठी रोडवरचा माझा कमानीवाला त्यात वाकबगार आहे, पण तोच बजावतो, "पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन नाही वाढत, भाऊ." खरंच आहे. ओव्हरलोडचा दंड कायद्यात 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000. नवा संच महाग, पण पाट्यांची लांबी, वाक आणि शॉकअप एकमेकांना ओळखत असतात.

माल वाहणाऱ्या साध्या पिकअपवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती जिवाशी आहे. अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सल आणि चेसिसच्या मधे एक दांडी असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली. गाडी भरली, चेसिस खाली बसली की दांडी व्हॉल्व्हला सांगते: माल आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक दे. तुम्ही चेसिस उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी. भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी मिळतो, सगळा भार समोर. दांडीचा ब्रॅकेट उचलीइतका सरकवावा लागतो. बसवणाऱ्याला हा प्रश्न विचारा; त्याने "कुठली दांडी?" म्हटलं तर चहा पिऊन परत या.

बसवायच्या दिवशी जवळ थांबा. पाट्यांच्या शॅकलचे आणि खालच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पूर्ण आवळायचे नसतात. हातानेच धरून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा हलवायची आणि मग आवळायचे. लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी उभी असतानाही बुश पिळलेलाच राहतो, आणि आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो एका हंगामात चिरतो. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट नवे हवेत, जुने पुन्हा वापरायचे नाहीत, आणि पाचशे किलोमीटरनी टॉर्क रेंचने पुन्हा बघायचे. ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर, चाक पूर्ण लोंबवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून ताणत नाहीत ना ते पाहा. शेवटी हेडलाइट खाली करून घ्या. नाक उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि काटोल रोडवर रात्री ते शिवीला पुरेसं कारण आहे.

देखभालीत तिन्हींचा फरक असा. तिसऱ्या रस्त्याला काही नवं लागत नाही. स्पेसरला दर महिन्याला खाली वाकून बूट बघणं आलं. किटला ग्रीस आलं, कारण बऱ्याच किटांचे शॅकल ग्रीस निपलचे असतात. दर पाचेक हजार किलोमीटरनी, आणि नाल्यातून गेलात तर त्याच आठवड्यात. काळी माती पाट्यांच्या फटीत वाळली की दगडासारखी होते, म्हणून शेतावरच्या मोटारीने मागचा भाग ओला असतानाच धुवा. मागच्या ॲक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर उचलीनंतर साठ-सत्तरच्या वेगाला थरथर येऊ शकते. मधलं बेअरिंग थोडं खाली घेतलं की बहुधा जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. रस्त्यावर तुम्हाला उचललेल्या गाड्या दिसतात म्हणून तो नियम नाहीसा होत नाही. पिवळ्या पाटीची गाडी तर फिटनेसला न्यावीच लागते. आणि खरी भीती पोलिसाची नाही, अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरची आहे. बदल करणार असाल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी लेखी विचारा. या एका मुद्द्यावर तिसरा रस्ता बाकी दोघांना सरळ मागे टाकतो, टायर कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापाचे असतील तर.

पैशाचं बोलायचं तर स्पेसर हजारांत, चांगलं किट लाखाच्या घरात आणि आर्म धरले तर वर, पाटे-शॉकअप-टायर या दोन्हींच्या मधे. माझं मत विचाराल तर रोज दगडात आणि ओझं घेऊन जाणाऱ्याने, कागदपत्रं निस्तरून, किट घ्यावं. नुसतं नाक खाली दिसतं म्हणून कोणी अगदी पातळ चकती टाकली तर मी भांडणार नाही. बाकी स्पेसरला माझा नकार, तो तसा एकांगी आहे हे मला ठाऊक आहे.

रविवारी भाऊ आला. सपाट फरशीवर गाडी लावली आणि हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजू मोजल्या. समोर ठीक. मागे डावीकडे उजवीपेक्षा 22 मिलिमीटर कमी, आणि ड्रम तो कायम डावीकडेच ठेवायचा. खाली झोपून बघितलं तर डावीकडचा दुसरा पाटा मधोमध तुटलेला, फट गंजून लाल झालेली, म्हणजे बरीच जुनी. डिफरन्शियलवर ओरखडे होतेच, टाकीवर एकही नव्हता.

"म्हणजे उचलायची नाही?" तो जरा हिरमुसला.

"आधी बसलेली वर येऊ दे."

सोमवारी कमानीवाल्याकडे दोन्ही बाजूंचे पाटे उतरले. टायर कोणते घ्यायचे यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.