कूलर बंद झाला अन् फिल्टर ऐकू आला: ताशी ५०० लिटरवाला छोटा फिल्टर, चार महिने वापरून

मे महिन्यात सीताबर्डीवरून माशांच्या टाकीसाठी हा फिल्टर आणला तेव्हा मला तो अगदी मुका वाटला होता. टाकी हॉलमध्ये, कूलरच्या बाजूला. नागपुरात मे महिन्यात कूलरपुढे माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे फिल्टरचं काय! जुलैत पाऊस लागला, कूलर बंद झाला आणि पहिल्याच रात्री आईने हाक मारली, "काय गुरगुरून राह्यलं रे ते?"

टाकी दीड फुटाची, पाणी साधारण ४० लिटर. त्यात एक फायटर मासा आणि चार कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे). फिल्टर पाण्यात बुडणारा, साडेतीनशे रुपयांचा. दुकानदार म्हणाला होता, "मोठाच घ्या भाऊ, पाणी साफ राहते." पाणी साफ राहतं, खरं आहे. पण फायटर आठवडाभर कोपऱ्यात रोपाच्या मागे दडून बसला. लांब पिसाऱ्याच्या माशाला एवढी धार म्हणजे रोजचं वादळ.

धार नेमकी किती, ते मोजून पाहिलं. तोंडाला नळी लावून लिटरची बाटली भरली: ९ सेकंद. म्हणजे ताशी ४००. तीन आठवड्यांनी स्पंज मळल्यावर तीच बाटली भरायला १४ सेकंद लागले. डब्यावरच्या ५०० वर जाऊ नका, स्पंज मळेल तशी धार बदलत जाते. (स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात.)

आता आवाज. नीट कान दिला तर ते तीन वेगळे आवाज होते. फुसफुस हवेच्या बारीक नळीची होती. ती नळी बंद केली आणि आवाज गेला. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू मिळतो, बुडबुडेच हवेत असं नाही.

खरखर मात्र आतली. दर उन्हाळ्याआधी कूलरचा पंप उघडणाऱ्यांना हे सांगायला नको: प्लग काढायचा, पुढचं झाकण ओढायचं, पात्यांचा काळा चुंबक बोटाने बाहेर. माझ्या चुंबकावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि दांडीभोवती चिकट शेवाळ निघालं. अर्धा तास व्हिनेगरमध्ये, मग जुन्या टूथब्रशने घासलं, स्वच्छ पाण्याने धुतलं. परत बसवताना पंप पाण्यातच आडवातिडवा करून आतली हवा काढली. खरखर बंद.

राहिली ती घूं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, त्या तालावर पंप थरथरतोच. ती थरथर काचेला पोचू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. फिल्टर काचेला चिकटवायचे सोबतचे रबरी पेले दोन महिन्यांत कडक झाले होते. नवे लावले, पंपाची पाठ आणि काच यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा दिला. टाकीखाली थर्मोकोल आधीपासून होतंच.

धारेचा बंदोबस्त काटोलहून आला. भावाच्या संत्र्याच्या बागेत ड्रिपची १६ मिमीची नळी पडली होती. वीतभर कापली, टोक गरम पाण्यात बुडवून फिल्टरच्या तोंडावर बसवली, दुसरं टोक बंद केलं आणि तापलेल्या सुईने ८ भोकं पाडली. चूक झाली! भोकं कमी, म्हणून प्रत्येकातून पिचकारी. मग २० केली, तीही मोठी, आणि भोकांचं तोंड मागच्या काचेकडे फिरवलं. पाणी काचेवर आपटून पसरतं. दुसऱ्या दिवशी फायटर समोर येऊन दाणे मागत होता.

एकूण ५ पैकी ३ तारे. मोटर दणकट आहे, वीज गेली-आली तरी आपोआप सुरू होतो. वायर जेमतेम मीटरभर, त्यामुळे बोर्ड टाकीजवळ येतो. वायरला बोर्डाच्या खाली झोळ ठेवा, नाहीतर ओघळ थेट प्लगमध्ये. अर्धा तारा मी एकाच गोष्टीसाठी कापला. चुंबकाचं एक पातं तुटलं म्हणून सुटा मागायला त्याच दुकानात गेलो, तर उत्तर मिळालं, "सुटा नाही येत, नवाच घ्या ना भाऊ." मी तीन पात्यांवरच चालवतोय. किंचित डुगडुगतो.