उपवासकाळात मंडळीला कोणता चित्रपट दाखवावा?

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या शनिवारी चित्रपट दाखवायचा असं चर्चच्या तरुण संघाने ठरवलं की पुढचा प्रश्न दरवर्षी तोच असतो: कोणता? नागपुरात तोवर कूलर लागलेले असतात. सातच्या आधी मैदानातल्या पडद्यावर नीट काही दिसत नाही, आणि आजीपासून संडे स्कूलच्या पोरांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असतात. यंदा हा निर्णय ज्यांच्यावर येऊन पडलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चर्चेत येशूच्या जीवनावरची बहुधा चारच नावं येतात: ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’, ‘जीझस’, ‘दयासागर’ आणि ‘द चोझन’. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. रडून घरी गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडतो का?

सुरुवात ‘पॅशन’पासून करू, कारण तरुणांचं मत नेहमी त्याच्याकडे झुकतं. मेल गिब्सनने तो २००४ साली, अमेरिकेत नेमका राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, प्रदर्शित केला. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांत. जगभरात त्याने साठ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. गिब्सन जुन्या वळणाचा कॅथलिक, लॅटिनमधली मिस्सा (उपासना) मानणारा, आणि ती श्रद्धा चौकटीचौकटीत दिसते. चित्रपटाचा सांगाडा म्हणजे क्रूसाची वाट आहे. तीनदा पडणं, वाटेत आईची भेट, वेरोनिकेने रुमालाने चेहरा पुसणं: कॅथलिक घरांत चौदा स्थानांची प्रार्थना म्हणत वाढलेल्याला हे सगळं पाठ असतं. शिवाय जर्मन संन्यासिनी ॲन कॅथरीन एमरिख यांच्या दर्शनांतून घेतलेलेही बरेच तपशील त्यात आहेत. म्हणून सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) मंडळीत हा चित्रपट लावलात तर कुणी तरी वडीलधारं उठून विचारणारच, “हे शास्त्रात कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे, उत्तर तयार ठेवा. तरीही अमेरिकेत ज्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या भिंतीवर येशूची मूर्ती असलेला क्रूससुद्धा नसतो, त्यांनीच घाऊक तिकिटं काढून चित्रगृहं भरली. जुन्या भक्तीची ही वाट त्यांना चित्रपटाने दाखवली.

त्यातली एक जागा मला फार मोलाची वाटते. गुलगुथा टेकडीवर येशूचे कपडे उतरवले जातात आणि त्याच क्षणी शेवटच्या भोजनातली, कापडात गुंडाळलेली भाकर उलगडली जाते. प्रभूभोजन म्हणजे काय हे समजावायला एरवी पाळकांचे तीन संदेश खर्ची पडतात. इथे ते दोन चौकटींत कळतं.

पण याच चित्रपटाबद्दल मला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत. पहिली, रक्ताची. फटक्यांचा प्रसंग शुभवर्तमानांत एका वाक्यात आटोपतो, पडद्यावर तो संपता संपत नाही. पुनरुत्थानाच्या वाट्याला मात्र शेवटचा जेमतेम एखादा मिनिट. अमेरिकेत तो लहानांसाठी नाही असंच प्रमाणपत्र त्याला मिळालं होतं. सतरंजीवर लहान पोरं असतील तर हा चित्रपट लावू नका, यात तडजोड नको. दुसरी गोष्ट यहुदी लोकांच्या चित्रणाची. प्रदर्शनाआधीच त्यावर आक्षेप आले. “त्याचं रक्त आमच्यावर” या मत्तयातल्या वाक्याचं उपशीर्षक गिब्सनने काढलं, वाक्य अरामीत तसंच राहिलं. आपल्या कोकणात मराठी बोलणारे बेने इस्रायल यहुदी कित्येक पिढ्या शेजारी म्हणून राहिले. ‘यहुद्यांनी मारलं’ एवढंच घेऊन एखादा पोरगा घरी गेला तर दोष आपला. म्हणून आधी पाच मिनिटं बोला. येशू यहुदी, मरिया यहुदी, शिष्य यहुदी, आणि मृत्युदंडाची आज्ञा रोमन सुभेदाराची.

आता ‘जीझस’. हा १९७९ चा. त्यात ब्रायन डीकनने येशूची भूमिका केली आहे आणि चित्रण इस्राएलात झालं. पूर्ण पटकथा लूककृत शुभवर्तमानावर बेतलेली, बोलणं जवळजवळ सगळं तिथलंच. आजवर दोन हजारांहून जास्त भाषांत तो गेला, मराठीतही आहे. चित्रपट म्हणून तो साधा, काहीसा कोरडाच. कॅमेऱ्याची करामत नाही, अभिनयात चढउतार कमी. माझ्या घरातली तरुण मंडळी अर्ध्या तासात मोबाइल काढतात, हे मी पाहिलंय.

तरीही माझं मन वर्षागणिक याच्याकडे ओढलं जातं, आणि त्याचं कारण लूक आहे. कोंबडा आरवल्यावर प्रभू वळून पेत्राकडे बघतो, हे चौघांपैकी फक्त लूक सांगतो. “बापा, त्यांना क्षमा कर” त्याच्याचकडे, आणि पश्चात्ताप करणाऱ्या चोराला दिलेलं सुखलोकाचं वचनही त्याच्याचकडे. मराठीत हे ऐकताना आजी ओठांनी सोबत म्हणत असते. गुड फ्रायडेला येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत त्यातली तीन वाक्यं पुन्हा कानावर येतात, तेव्हा पडदा आणि वेदी जोडली जातात. घरी जाऊन कुणी लूक उघडला तर जे पाहिलं तेच त्याला पानावर सापडतं. ‘पॅशन’ पाहून वेरोनिका शोधायला गेलेल्याला ती सापडत नाही.

‘दयासागर’ मी थोडक्यात सांगते. ए. भीमसिंग यांच्या १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाचं हे हिंदी रूप, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. गाणी आहेत, भक्ती आहे, आपल्या पौराणिक चित्रपटांची ऐसपैस चाल आहे. गावोगाव चादर बांधून तो दाखवला गेला आणि ज्यांना चर्चची पायरीही ठाऊक नव्हती त्यांना तो समजला. मंडळीबाहेरचे शेजारी येणार असतील तर मी तोच निवडेन. हिंदी नागपुरात कुणाला अडत नाही. रंग जुने आहेत आणि तरुण पहिल्या गाण्याला कुजबुजतील, तेवढं सोसा.

‘द चोझन’ हा एका रात्रीचा मामलाच नाही. ती मालिका आहे, सात पर्वांची योजना आहे. पहिल्या पर्वाचा पैसा हजारो सामान्य लोकांनी लोकवर्गणीतून उभा केला, एक कोटी डॉलरच्या वर. दिग्दर्शक डॅलस जेन्किन्स इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट, येशू साकारणारा जोनाथन रूमी कॅथलिक. पहिला भाग जवळजवळ पूर्ण मग्दालीया मरियेचा, येशू अगदी शेवटी येतो आणि तिला तिच्या नावाने हाक मारतो. मी तो पहिल्यांदा एकटीने पाहिला आणि नंतर बराच वेळ उठले नाही. पण संवाद, कर्जं, घरगुती भांडणं, पुष्कळसं लेखकांनी रचलेलं आहे. शास्त्र कुठे संपतं आणि कल्पना कुठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. म्हणून हे मैदानात नको. उपवासकाळाच्या शुक्रवारी कुणाच्या तरी घरी आठ-दहा जणांनी बसावं, एक भाग पाहावा, मग बायबल उघडून ताडून बघावं. यातून जे घडतं ते हळू घडतं आणि टिकतं.

टिकण्याचा विचार करताना मला नेहमी ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आठवतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यांना जिंकलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, म्हणजे शब्दांनी. बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला, मधला काळ वाचनात आणि झगड्यात गेला. त्यांची भजनं आपण आजही गातो. याउलट ‘पॅशन’ची लाट मी जवळून पाहिली. हॉलमध्ये हुंदके होते, चर्चच्या दारात लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पुढच्या वर्षी उपवासकाळातल्या शुक्रवारच्या प्रार्थनेला तेच पंधरा-वीस चेहरे होते.

म्हणून यंदाचा माझा कौल असा. शनिवारी मैदानात, सगळ्यांसाठी, ‘जीझस’ मराठीत. आवाज पुढच्या ओळींपर्यंत पोचतो का ते कूलर चालू ठेवूनच तपासा. आदल्या दिवशी बंद कूलरमध्ये तपासलेला आवाज फसवतो. ‘पॅशन’ पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, हॉलमध्ये, फक्त मोठ्यांसाठी ठेवा. उपशीर्षकं ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्याशेजारी हळू आवाजात सांगणारं एक माणूस बसवा. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी दोन्हींसाठी आधी मागा. संडे स्कूलला ‘चोझन’च्या पहिल्या पर्वातला तिसरा भाग दाखवा. अर्ध्या तासाचा आहे, आणि त्यात येशू रानात तळ ठोकून राहतो तेव्हा त्याच्याभोवती जमणारी सगळी मुलंच आहेत.

आणि शनिवारी चित्रपट संपला की लगेच दिवे लावून सूचना वाचू नका, चहाही पाच मिनिटांनी आणा. कुणाला तरी आधीच सांगून ठेवा: अंधारातच माइक घे आणि लूकचा तेविसावा अध्याय, तेहतिसाव्या ओवीपासून, सावकाश वाच.