वाकड्या सेफ्टी पिना: वाकळ टाचायला कितपत कामाच्या?

वाकळीचे थर सरकू नयेत म्हणून आधी सगळीकडून कच्चा दोरा घालायचा आणि पक्की शिवण झाली की तोच उसवत बसायचं. सहा बाय चार फुटांच्या वाकळीला यातच अख्खी दुपार जाते. हा वेळ वाचवणारी पिन म्हणजे पोटात वाक दिलेली सेफ्टी पिन. सरळ पिन लावताना टोक वर काढायला कापड उचलावं लागतं आणि तिथंच खालच्या लुगड्याला चुणी पडते. हिचं टोक वाकामुळे आपसूक वर येतं. आठवडी बाजारात सरळ पिनाच मिळतात, या ऑनलाइन मागवाव्या लागतात. पण घेण्यासारख्या आहेत.

माप बघून घ्या. तीन-चार थरांना २७ मिलिमीटरची बस झाली. ३८ ची जाड असते, विरलेल्या लुगड्याला भोक पाडते. सहा-सात थर असले तर लहान पिन मिटतच नाही. जबरदस्तीनं मिटली तर कापड गोळा होतं. तिथं कच्चा दोराच बरा. आत घरचा पिंजलेला कापूस पसरला असेल तरीही दोराच, कारण पिनेच्या आजूबाजूचा कापूस सरकून गोळे होतात.

अर्ध्या वितेवर एक पिन धरली तर सहा बाय चारला पावणेदोनशे लागतात. म्हणजे ५० च्या चार डब्या. खर्च हाच.

खालचं लुगडं सरकू नये म्हणून टेपनं चिकटवावं, तर सारवलेल्या जमिनीवर टेप चिकटत नाही. सतरंजीवर खालचं लुगडं उलटं पसरा, कोपऱ्यांवर कागदात गुंडाळलेल्या विटा ठेवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. विटा काढल्या की ताणलेलं कापड आक्रसतं आणि चुण्या मागच्या बाजूला दिसतात. पिना मधून कडेकडे लावत जा. एक ओळ झाली की कड उचलून बघा. बघितलं नाही, तर शेवटी वाकळीसोबत सतरंजीही उठते!

सगळ्या पिना लागेपर्यंत एकही मिटू नका. मिटताना टोक चमच्याच्या कडेवर टेकवून वर उचला, नाहीतर बोटांची चाळण होते. पायमशीनवर शिवत असाल तर दाबपट्टीजवळ येण्याआधी पिन काढा, नाहीतर सुई मोडते. पावसाळ्यात पिना लावून वाकळ अर्धवट ठेवू नका. पॉलिश उडालेली पिन गंजते आणि तो डाग धुऊन जात नाही.

पिनांऐवजी थर चिकटवायला फवाऱ्याचा गोंद झटपट वाटतो, पण प्रत्येक थराला वेगळा मारावा लागतो. शिवाय तो पेट घेणारा. चुलीपाशी नको, आणि मे महिन्यात टिनाच्या छपराखाली डबा ठेवणं तर नकोच. त्याला ५० अंशांवर तापू द्यायचं नसतं.

काढलेल्या पिना मिटू नका, उघड्याच डब्यात टाका. पुढच्या वाकळीला पावणेदोनशे वेळा उघडणं वाचतं. डबा मात्र लेकरांचा हात पुरणार नाही अशा फळीवर.