थंड इंजिनाची टिकटिक आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीच्या आसपास मागवलेला हा स्टेथोस्कोप हिवाळाभर भरपूर वापरून झालाय. वस्तू हजाराच्या आतली, ब्रँड कुठला ते डब्यावरही धड वाचता येत नाही, त्यामुळे ते सोडा. कानातल्या नळ्या डॉक्टरांच्या असतात तशाच, फक्त छातीला लावायच्या चकतीच्या जागी पत्र्याची छोटी डबी आणि तिच्यात फिरवून बसवलेली वीतभर सळई. सळईचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि ऐकायचं.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरची. सकाळच्या पहिल्या स्टार्टला बोनेटखालून टिक-टिक-टिक, रेस दिली की तीही जोरात, आणि इंजिन गरम झालं की एकदम गायब. आम्ही नाशिककर, तिकडे निफाडचा पारा पाच-सहावर आला की इकडे आमची टिकटिक जास्त वेळ टिकायची. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम, म्हणजे मिस्त्रींना ऐकवायला काहीच नाही. एका ठिकाणी तर न ऐकताच निदान झालं: टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागेल, नाहीतर २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकून बघू. मी दोन्हीला नको म्हटलं. जाड ऑइलने गरम इंजिनाचा आवाज दबेलही, पण थंडीत ते वर हेडपर्यंत चढायलाच वेळ लावतं, आणि माझ्या गाडीचं मॅन्युअल स्पष्ट ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगतं.

आता वापराबद्दल. पहिल्यांदा सळई टेकवाल तेव्हा घाबराल, कारण तिच्यातून सगळंच मोडल्यासारखं ऐकू येतं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तर असा कडक टकटक करतो की हाच चोर वाटावा. पण चारही इंजेक्टर सारखेच टकटकत असतील तर तो त्यांचा नेहमीचा आवाज. म्हणून एका जागेवर निकाल देऊ नका, तोच भाग चारही सिलिंडरवर ऐकून ताडून बघा. माझ्याकडे टॅपेट कव्हरवर चारही जागी साधारण सारखी, हलकी टिकटिक होती. खाली ब्लॉकला जड ठोका नव्हता. कनेक्टिंग रॉडचा ठोका असता तर तो गरम झाल्यावर गेला नसता, उलट ऑइल पातळ झाल्यावर वाढला असता. टायमिंग चेनची खडखड बहुतेक वेळा स्टार्टनंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांची असते, चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचं प्रेशर मिळेपर्यंतची. तीही नव्हती.

आता खरी गोम. थंड इंजिन १२०० आरपीएमला चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ६०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला दहा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या जोडनळ्यांचं) पॅकिंग एका सिलिंडरला फुटलं असेल तर त्याची फटफटही नेमकी त्याच चालीने येते. त्यामुळे नुसत्या कानाने टॅपेट आणि गळती या दोन्हीत गल्लत होणारच. इथे हे हत्यार कामाला आलं, पण सळई काढल्यावर! सळई धातूतला हादरा पकडते. गळणाऱ्या गॅसचा आवाज हवेतून येतो. डबीच काढून टाकली आणि नुसत्या रबरी नळीचं तोंड मॅनिफोल्डच्या जोडांवरून फिरवलं, तर चौथ्या सिलिंडरपाशी स्वच्छ फट्-फट्-फट्. मॅनिफोल्डवरच्या हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) आत टॉर्च मारला तर काजळीचा काळा ओघळ. इंजिन चालू असताना चौथ्या इंजेक्टरचा वायरचा प्लग क्षणभर काढला, टिकटिक बंद. परत लावला, सुरू. (ठिणगीची कॉइल काढून हीच परीक्षा करतात, पण मग न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचाच प्लग काढा.)

मॅनिफोल्ड उतरवल्यावर एक स्टड (मॅनिफोल्ड आवळून धरणारा बोल्ट) तुटलेला आणि त्याच बाजूचं पॅकिंग जळलेलं निघालं. थंड असताना तिथे फट राहायची, तापून लोखंड फुगलं की ती मिटायची. तुटक्या स्टडच्या खुंटावर नट वेल्ड करून तो काढण्यातच मिस्त्रींचा बराच वेळ गेला. पॅकिंग बदलणं त्यामानाने किरकोळ. हेडला हात लावावा लागला नाही.

तक्रारी आहेतच. आवाज धातूतून लांबवर पसरतो, त्यामुळे जिथे मोठा ऐकू येतो तिथेच मूळ असेल असं नाही. फॅन आणि बेल्टपासून सळई नि नळी लांब ठेवा, सैल बाह्यांचा शर्ट नको, आणि बॅटरीच्या टर्मिनलजवळ लोखंड नेऊच नका. नळीचं रबर हलक्या प्रतीचं आहे, गरम मॅनिफोल्डला टेकलं की चिकटतं.

बरेच मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतात. टॅपेट, बेअरिंग असल्या आवाजांना तेवढं पुरतं, त्यासाठी हे विकत घ्यायची गरज नाही. गॅसची गळती मात्र स्क्रूड्रायव्हरला ऐकू येत नाही.

कानातली बोंडं फार कडक आहेत, पाच मिनिटांत कान दुखतात. मी मेडिकलमधून मऊ बोंडं आणून बसवली. मापं वेगवेगळी असतात, तेव्हा जुनं एक बोंड सोबत घेऊन जा.